सातपुड्याच्या जंगलात चार दिवस पायी

पहिला दिवस : देनवाच्या काठी

इटारसी-जबलपूर लोहमार्गावरील सोहागपूर स्थानकावर उतरलो तेव्हा मार्चचा पहिला आठवडा चालू होता आणि मढईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची शेते पिवळी पडू लागली होती. मध्य प्रदेशातील बहुतेक व्याघ्रप्रकल्प जीपमधूनच पाहावे लागतात. सातपुडा राष्ट्रीय उद्यानात मात्र परवानगी काढून, वनरक्षक आणि मार्गदर्शक बरोबर घेऊन ठरावीक वाटांवर पायी हिंडता येते आणि आम्ही चौघे एवढ्या लांब आलो होतो ते केवळ त्यासाठीच. हे उद्यान १९८१ साली घोषित झाले. पुढे बोरी आणि पचमढी ही दोन अभयारण्ये त्याला जोडून व्याघ्रप्रकल्प करण्यात आला आणि आज आजूबाजूच्या राखीव पट्ट्यासह त्याचे क्षेत्र २,१०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे.

मढईला जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये देनवा नदी आहे. तवा धरणाचे पाणी मागे थोपून नदीचे पात्र येथे तळ्यासारखे रुंद झाले आहे. संध्याकाळी काठावर बसलो तेव्हा पलीकडच्या उथळ पाण्यात चक्रवाकांची जोडी उभी होती, नदी सुरय पाण्यावरून खाली-वर सूर मारत होते, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या पट्टकादंबांचा एक लहानसा थवा अजून हिमालयापलीकडे परतायचा राहिला होता. वाळूच्या जिभेवर पडलेले लाकडाचे ओंडके आम्ही मोजत होतो, तेवढ्यात त्यांतला एक ओंडका सावकाश सरकून पाण्यात गेला.

रात्री आमच्या मार्गदर्शक दीदींनी दुसऱ्या दिवसाची तयारी समजावून सांगितली. कपडे मातकट किंवा वाळल्या गवताच्या रंगाचे असावेत, अत्तर किंवा सुगंधी साबण वापरू नये, एकामागे एक चालावे, बोलू नये, आणि त्यांनी मूठ वर केली की पाऊल उचललेले असेल तर ते हळूच खाली ठेवून तिथेच थांबावे. त्या याच डोंगरातल्या एका गावात वाढलेल्या. गाव उठले तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या, एवढेच त्यांनी त्या रात्री सांगितले.

दुसरा दिवस : जमिनीवरचे आणि झाडावरचे

पहाटे होडीने नदी ओलांडली. पाण्यावर पातळ धुके होते आणि पलीकडच्या काठावरून रानकोंबड्याची बांग येत होती. सर्वांत पुढे हातात काठी घेतलेले वनरक्षक, त्यांच्या मागे दीदी आणि मग आम्ही, असे निघालो आणि पहिल्या पन्नास पावलांतच चालणे किती अवघड आहे हे कळून चुकले. या दिवसांत सागाची पाने गळालेली असतात. ताटाएवढे ते वाळके पान पायाखाली पापडासारखे मोडते आणि त्याचा आवाज स्तब्ध हवेत कुठल्या कुठे जातो. आमच्या आवाजाने दोनदा चितळांचा कळप उधळला आणि दोन्ही वेळा आम्हांला दिसल्या त्या केवळ वर उचललेल्या पांढऱ्या शेपट्या. मग दीदींनी आम्हांला वाटेवरून न चालता वाटेच्या मधोमध जनावरांच्या पायांनी घासून निघालेल्या वीतभर रुंद धुळीच्या पट्ट्यावरून चालायला लावले. तिथे पान नसते, कारण पान असते तिथे जनावरेही पाय ठेवत नाहीत.

तोच पट्टा आम्ही पुढे दीड तास वाचत गेलो. साळिंदराने फरपटत नेलेल्या काट्यांच्या रेघा, मोराचे तीन बोटांचे ठसे, उदमांजराची नाजूक पावले, आणि एके ठिकाणी अनवाणी माणूस चालत गेल्यासारखा वाटणारा, पण बोटांच्या बराच पुढे नखांच्या खाचा उमटलेला अस्वलाचा मागचा पाय. नंतर वाटेच्या वळणावर वाघाचा पंजा आला. चार बोटे, रुंद तळवा, नखांची खूण नाही. वनरक्षकांनी उकिडवे बसून काठीच्या टोकाने ठशाला स्पर्श न करता एक गोष्ट दाखवली. तळव्याच्या कडेवरून एका भुंगेऱ्याच्या पायांची शिवणीसारखी बारीक दोरी ओलांडून गेली होती. हे किडे रात्री फिरतात, त्यामुळे वाघ त्यांच्या आधी, म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरी किंवा संध्याकाळीच गेला असणार. मी आजवर वाघाचे ठसे अनेकदा पाहिले आहेत, परंतु गाडीच्या कठड्यावरून वाकून पाहिलेल्या ठशात भुंगेऱ्याची चाल दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

पन्नासेक पावलांवर एका झुकलेल्या ऐनाच्या बुंध्याशी दीदींनी आम्हांला वास घ्यायला सांगितले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. त्या भेगांत नाक नेले तर शिजणाऱ्या आंबेमोहोर तांदळाचा वास आला. माझ्या मित्राने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे, कारण दोघांच्याही मनात एकाच वेळी घरच्या भाताचे पातेले आले होते. वाघ आपल्या हद्दीची खूण म्हणून झाडावर जो फवारा सोडतो त्यात सुवासिक तांदळाला वास देणारेच रासायनिक संयुग असते. रतनलाल ब्रह्मचारी या शास्त्रज्ञांनी वाघांच्या गंधखुणांवर अनेक वर्षे काम करून ही गोष्ट पुढे आणली. वाचून ठाऊक असलेली ही माहिती सालीच्या भेगेत नाक खुपसून पडताळता येते, याचा आनंद मला वाघ दिसण्याच्या आनंदापेक्षा कमी वाटला नाही.

नऊच्या सुमारास एका ओढ्यात उतरलो आणि जंगल एकदम बदलले. वरच्या उतारावर उघडाबोडका साग आणि पांढऱ्या खोडाचे, एकही पान नसलेले कांडोळ उभे होते. ओढ्याच्या कडेला मात्र अर्जुन, जांभूळ आणि आंबा यांची गर्द सावली होती. दीदींची मूठ वर गेली. वरून दातांनी काहीतरी कुरतडल्याचा आवाज येत होता आणि सालीचे बारीक तुकडे आमच्या खांद्यांवर पडत होते. जांभळाच्या एका आडव्या फांदीवर शेकरू मागच्या दोन पायांनी उलटे लटकले होते, आणि मोकळ्या राहिलेल्या पुढच्या दोन पायांत कोवळी डहाळी धरून ती मक्याच्या कणसासारखी फिरवत सोलत होते. शेपूट फांदीच्या पलीकडे तोल सावरणाऱ्या वजनासारखी लोंबत होती. पाठीचा रंग भाजल्या विटेसारखा, पोट मळकट पिवळे, कानांवर केसांचे झुबके, आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला खोड पकडण्यासाठी असलेली जाड गादी दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती. पंचवीस मिनिटे ते खात राहिले. त्या काळात त्याने दोनदा खाली आमच्याकडे पाहिले आणि दोन्ही वेळा खाणे पुन्हा सुरू केले.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि भीमाशंकरला मी तो पुष्कळदा पाहिला आहे, तरीही सातपुड्यातल्या या शेकराजवळ उभे राहिल्यावर एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर तो लांब उडी घेत जातो आणि एकेक शेकरू अनेक घरटी बांधते, तीही फांद्यांच्या अशा बारीक टोकांशी की वजनदार शिकारी तिथवर पोहोचू नये. म्हणजे त्याला नुसती झाडे पुरत नाहीत. फांदीला फांदी भिडलेली झाडे लागतात. मार्चमध्ये ओढ्याच्या कडेची ही हिरवी दोरी तेवढी अखंड उरते आणि शेकरू तिच्यावरच दिवस काढते. नकाशावर ओढा निळ्या रेघेने दाखवतात. शेकराच्या दृष्टीने मात्र ती रेघ पाण्याची नसून पानांची आहे.

परतताना उजव्या हाताच्या डोंगरउतारावर वानरांनी खाकरायला सुरुवात केली. पाठोपाठ चितळाची धोक्याची हाक आली आणि थोड्या वेळाने सांबराचा एकच मोठा ठणका. मी दीदींकडे पाहिले. त्या कुजबुजल्या, "चीतल तो पत्ते से भी डर जाता है, लंगूर देखकर ही बोलता है." उंच शेंड्यावर बसलेल्या वानराला जनावर प्रत्यक्ष दिसते, म्हणून त्याच्या हाकेवर अधिक भरवसा ठेवायचा, असा त्यांचा हिशेब होता. चाळीस मिनिटे आम्ही एका आवळ्याखाली उभे होतो. हाका उताराच्या कडेकडेने पूर्वेला सरकत गेल्या आणि थांबल्या. जे जनावर चालत होते ते आम्हांला दिसले नाही, पण ते कुठून कुठे गेले हे आम्ही कानांनी जवळजवळ पाऊलन् पाऊल ऐकले होते.

तिसरा दिवस : उठलेल्या गावाचे माळरान

आज दूरचा पल्ला होता. सूर्य वर येण्याआधी निघालो. पळस फुलला होता आणि मोहाची फुले नुकतीच गळू लागली होती. झाडाखाली पांढुरक्या, मांसल पाकळ्यांचा सडा पडलेला होता आणि त्यात चितळांच्या खुरांची दाटी. एका मोहाखाली ओलसर माती उकरलेली होती. दीदींनी बोट तोंडावर ठेवून मान हलवली. मोहाची फुले अस्वलालाही तेवढीच प्रिय असतात, आणि पायी हिंडणाऱ्याने या जंगलात सर्वांत अधिक जपायचे ते वाघाला नव्हे, तर अचानक समोरासमोर येणाऱ्या अस्वलाला. त्याची नजर फारशी चांगली नसते. खाण्यात गढले असले की पावलांचाही त्याला पत्ता लागत नाही. मग जवळून दचकले तर ते पळण्याऐवजी अंगावर येते.

साडेसातला झाडी संपून एक विस्तीर्ण माळरान समोर आले. मधोमध रांगेत उभे असलेले चार जुने आंबे, एक बांधीव विहीर आणि मातीच्या भिंतींचे वितळून राहिलेले गुडघाभर उंचवटे. येथे गाव होते. सातपुड्याच्या गाभ्यातील अनेक गोंड आणि कोरकू गावे गेल्या दोन दशकांत बाहेर वसवण्यात आली आणि त्यांची शेते गवताळ कुरणे झाली. गवत वाढले तसे चितळ, सांबर आणि गवे त्या कुरणांवर येऊ लागले, हे डोळ्यांना दिसते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दीदी विहिरीच्या कठड्याला हात लावून क्षणभर थांबल्या तेव्हा आम्ही कोणीही दुर्बीण उचलली नाही. त्यांचे गाव हे नव्हते, पण असेच होते, असे त्या म्हणाल्या. आंब्याला मोहोर भरगच्च होता. या झाडांचे आंबे आता वानरे आणि अस्वले खातात. ज्यांनी ती लावली त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत, आणि माझ्या मते ती असायला हवीत.

माळाच्या दूरच्या कडेला काळे दगड दिसत होते ते गवे निघाले. दीदींनी एक वाळके पान तळहातात चुरून सोडले. चुरा आमच्याकडेच उडत आला, म्हणजे वारा गव्यांकडून आमच्याकडे होता. तेव्हा झाडीची कड धरून, एकेका बुंध्यामागे थांबत आम्ही सुमारे सत्तर पावलांवर पोहोचलो. कळपात नऊ जनावरे होती. चार माद्या, तीन वासरे, एक अर्धवट वाढलेले पोर आणि जरा बाजूला एकटाच चरणारा नर. त्याच्या खांद्यांवरचा उंचवटा पाठीच्या मध्यापर्यंत चढत गेला होता. कातडी तेल चोपडल्यासारखी काळीभोर चकाकत होती आणि गुडघ्यांखाली चारही पाय पांढरे मोजे घातल्यासारखे स्वच्छ. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ९०० किलोंच्या वर जाऊ शकते. एवढा देह इतक्या जवळ असूनही गवत ओढून तोडण्याच्या लयबद्ध आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते. मग वारा फिरला. नराने मान वर केली, ओल्या काळ्या नाकपुड्या फुलवल्या आणि दीर्घ, शिटीसारखा फूत्कार सोडला. कळप धावला नाही. सर्वांत थोरली मादी वळली, तिच्या मागे वासरे, आणि सगळे सावकाश सागात शिरले. नर मात्र शेवटपर्यंत आमच्याकडे बाजू वळवून उभा राहिला. आपला आकार पुरता दिसावा म्हणून गवा असा आडवा उभा राहतो. आम्ही आल्या वाटेने मागे सरलो, कारण ते त्याने आम्हांला पुरेसे स्पष्टपणे सांगितले होते.

दुपारी ओढ्याकाठी विसावलो असता पाण्यावर आलेला एकटा चौशिंगा दिसला. हरणासारखा दिसला तरी हा कुरंगवर्गीय प्राणी, आणि नराच्या डोक्यावर चार शिंगे असलेला हा भारतीय उपखंडातलाच. मागची जोडी वीतभरापेक्षा लहान आणि कपाळावरची पुढची जोडी तर नुसती अंगठ्यासारखी. तो तीन-चार घोट पाणी प्यायला आणि उडी न मारता, दबकत पावले टाकत गवतात गेला.

अस्वल भेटले ते परतीच्या वाटेवर, ऊन कलल्यानंतर. आधी आवाज आला. जुन्या भात्यातून वारा सोडावा तसा फूऽऽ आणि लगेच घशातून ओढल्यासारखा सुस्कारा, पुन्हा फूऽऽ, पुन्हा सुस्कारा. वनरक्षकांनी हात आडवा करून आम्हांला एका धावड्यामागे दाबून बसवले. शंभरेक पावलांवर उतारावर एक अस्वल डोके वारुळात घालून बसले होते. लांब नखांनी त्याने वारुळाची बाजू उघडली होती. ते आधी फुंकरीने माती उडवून देत होते आणि मग वाळवी तोंडात ओढून घेत होते. या कामासाठी निसर्गाने त्याची रचना पद्धतशीर केली आहे. वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात, त्यामुळे ओठ पुढे काढून तोंडाची नळी होते, आणि माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. दुर्बिणीतून त्याचे धुळीने राखाडी झालेले मुस्कट दिसले, छातीवरचा पांढुरका इंग्रजी व्ही अक्षरासारखा पट्टा दिसला, आणि मग पाठीवरच्या दाट केसांतून दुसरे एक तोंड वर आले. ती मादी होती आणि तिच्या पाठीवर पिलू होते. पिलू पाठीवरून घसरत उतरले, वारुळाच्या भोकात नाक घालून शिंकले आणि पुन्हा केस धरून वर चढले.

वनरक्षक आता अस्वलाकडे पाहत नव्हते. त्यांचे लक्ष आमच्या मागच्या वाटेकडे होते. पिलू बरोबर असलेल्या मादीजवळ एक मिनिटही अधिक थांबायचे नाही, असे त्यांनी हातानेच सुचवले आणि आम्ही मोठा वळसा घेऊन नदीवर आलो. त्या वळशाने आम्हांला दीड तास जास्त चालावे लागले. होडीत बसल्यावर मात्र ते पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलले. त्यांनी सांगितले, "तेवीस वर्षे झाली या जंगलात. अस्वलाला मी अजून घाबरतो, आणि घाबरतो म्हणूनच रोज घरी जातो."

चौथा दिवस : सालाच्या सावलीत पचमढी

सकाळी गाडीने पचमढीला चढलो. घाट संपता संपता साग मागे पडतो आणि एकाएकी साल वृक्षांचे जंगल सुरू होते. बोरीकडच्या जंगलात आणि खालच्या उतारांवर सागाचे राज्य, आणि पचमढीच्या पठारावर वालुकाश्म असल्याने तिथे मात्र साल. उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येणारे सालाचे जंगल आणि पश्चिमेकडचे सागाचे जंगल यांची सीमा येथे डोळ्यांनी पाहता येते. सागवान उघडे पडलेले असताना सालाला नवी, तांबूस-हिरवी, चकचकीत पालवी फुटत होती आणि वाटेवर त्याच्या फिकट फुलांचा भुगा पसरला होता. मध्य प्रदेशातील सर्वोच्च शिखर धूपगड (सुमारे १,३५० मीटर) येथेच आहे. तिथे सूर्यास्ताला गर्दी असते, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही.

अप्सराविहारापासून रजतप्रपाताच्या कड्यापर्यंतची पायवाट सकाळी लवकर धरली तर ती जवळजवळ निर्मनुष्य मिळते. घळीतल्या ओलाव्यात नेच्यांची दाटी होती आणि काळ्या कातळावर पाण्याची पातळ चादर. तिथेच ती शीळ ऐकू आली. एखाद्या पोराने चाल विसरत विसरत शीळ घालावी तशी, वर जाणारी, अडखळणारी, पुन्हा नव्याने सुरू होणारी. शीळकरी कस्तूर. निळसर काळा पक्षी, कपाळावर आणि खांद्यांवर गडद निळी झाक. कोकणात उतरणाऱ्या प्रत्येक घाटात पावसाळ्यात ही शीळ मी ऐकत आलो आहे. ती सह्याद्रीपासून इतक्या दूर, सातपुड्याच्या एका घळीत ऐकताना मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांची आठवण झाली. हिमालयाच्या बाजूचे काही मासे दक्षिणेच्या पश्चिम घाटात कसे पोहोचले, याचे उत्तर देताना होरा यांनी एके काळी दमट असलेल्या सातपुड्याच्या रांगेचा पूल कल्पिला होता. त्यावर पुढे बराच वाद झाला आणि अनेकांनी इतर मार्ग सुचवले. तो वाद माशांचा होता, पक्ष्यांचा नव्हे. तरीही त्या ओल्या कातळासमोर उभे राहून शीळ ऐकताना सह्याद्री आणि सातपुडा यांच्यामधले अंतर मला नकाशावर दिसते तेवढे मोठे वाटेना.

दुपारी पिपरियाकडे उतरायला लागलो. घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर दीदींनी चालकाला गाडी थांबवायला सांगितली. त्या पिपरियापर्यंत आमच्याबरोबर येत होत्या. डाव्या हाताच्या आंब्यावर शेकरू होते. रस्ता रुंद करताना कडेची झाडे गेली असावीत, कारण पलीकडच्या जांभळाची फांदी बरीच दूर राहिली होती. शेकरू फांदीच्या टोकापर्यंत आले, अंग आखडून उडीच्या पवित्र्यात बसले, आणि उडी न घेता वळले. ते आमच्या गाडीला समांतर, झाडाझाडावरून उताराच्या दिशेने धावत गेले. चालकाने गाडी हळूहळू त्याच्या वेगाने सोडली. दोनशे पावले खाली एक म्हातारा अर्जुन रस्त्यावर इतका झुकला होता की त्याचे शेंडे पलीकडच्या करंजात शिरले होते. शेकरू तिथून पार झाले. फांदी वर-खाली हलत राहिली, आणि दीदींनी खिशातली छोटी वही काढून त्या अर्जुनाची जागा लिहून घेतली.